दोनशे बारा दाण्यांची हजेरी

ज्या कामात माणसाने काहीच करायचे नसते, त्या कामावर सर्वांत कडक देखरेख लागते. हेडक्लार्कना हे पुरते पटले होते. अकरा वर्षे ते संडासाच्या दाराला लागून असलेल्या टेबलावर बसत. (दार नीट लागत नसे.) त्यामुळे वार्षिक तपासणीला ज्याच्या कुंडीत सर्वांत जास्त फुले, त्याला खिडकीची जागा, असे साहेबांनी जाहीर केले, तेव्हा हेडक्लार्कना फुलांशी कर्तव्य नव्हते. त्यांना हवी होती हवा.

प्रत्येकाला जास्वंदीची एक कुंडी आणि सावकाश झिरपणाऱ्या खताची एक पुडी मिळाली. पुडीवर छापले होते : एक चमचा घालावे, सहा महिने पुरते, मध्ये हात लावू नये. हेडक्लार्कना भरून आले. कार्यालयाच्या गतीने काम करणारा पदार्थ अखेर निघाला होता.

चमच्यात दोनशे बारा दाणे बसले. विसाव्या दिवशी त्यांनी माती उकरून ते मोजले आणि तक्ता आखून त्यात आकडा भरला. दोनशे बारा. चाळिसाव्या दिवशीही दोनशे बारा. (झाडाला तोवर चार कळ्या आल्या होत्या, पण तक्त्यात कळ्यांचा रकाना नव्हता.) निष्कर्ष उघड होता : एकही दाणा कामावर रुजू झालेला नाही.

त्यांनी आणखी एक चमचा घातला. दाणे गारठून आळसावले असतील म्हणून वर टेबललॅम्प लावला. पानांच्या कडा करपल्या. यावरून खत अपुरे पडत असल्याचे सिद्ध झाले, तेव्हा तिसरा चमचा. जेवणाच्या सुट्टीत चारही कळ्या गळाल्या.

झाडलोट करणाऱ्या मावशींची कुंडी नळाजवळ होती. त्यांनी पहिल्या दिवशी चमचाभर खत घातले होते आणि नंतर फक्त पाणी. त्या कुंडीत सहा फुले होती.

"मावशी, तुमचे दाणे संपले का हो?"

"संपतात कुठले, भाऊसाहेब! आतलं खत झिरपून जातं, वरचं टरफल तसंच राहतं."

"मग हे आधी नाही का सांगायचं?"

"तुम्ही मोजत होतात ना. मध्ये बोलले असते, तर परत पहिल्यापासून मोजायला लागलं असतं."

तपासणी झाली. मावशींना टेबल नसल्याने खिडकीची जागा त्यांच्या बादलीला मिळाली. फडकी आता छान वाळतात.

अंतिम हिशेब असा : झाडाची एकतीस पाने आणि चार कळ्या गेल्या. हेडक्लार्कची खिडकी गेली. दाण्यांचे नुकसान शून्य; सहाशेच्या वर टरफले अजून कुंडीत हजर आहेत.

वाचकहो, हेडक्लार्कना खुशाल हसा. फक्त ही एवढीशी गोष्ट वाचताना, अजून किती उरली आहे हे तुम्ही मध्येच किती वेळा पाहिलेत, तो आकडा तेवढा कळवा. तक्त्यात रकाना रिकामा आहे.