दिवेलागणीनंतरचं विरजण

नीलकंठराव मोहरीलांना स्वतःच्या पोटाचा फार अभिमान होता, आणि कोणी विचारो न विचारो, ते तो बोलून दाखवत. "फॅक्टरीत बावीस वर्षं झाली. पोटाच्या नावानं एक दिवस रजा नाही. दगड टाका, पीठ होऊन जाईल," असं म्हणून पोटावर थाप मारत. एकाहत्तरच्या डिसेंबरात लढाई सुरू झाली, जबलपूरच्या फॅक्टऱ्या रात्रंदिवस धडधडू लागल्या, आणि नेमका तोच मुहूर्त पाहून ह्या पोटानं दगा दिला! बारा तासांची ड्यूटी आणि अकरा वेळा लेथ सोडून धावणं. आता सांगा, ह्यात देशसेवा कधी करायची?

फोरमन रामराव नीलकंठरावांसारखेच अंजनगावकडचे, पण कामाच्या वेळी गावकी ओळखत नसत. ते म्हणाले, "मोहरील, तोफेचा पार्ट तुमच्या लेथवर अर्धा होऊन पडते अन् तुम्ही गायब. शनिवारपर्यंत वाट पाहतो. नाही जमलं तर सोमवारपासून पॅकिंगात बसा. खोक्यांना खिळे ठोका. तिथून दारही जवळ आहे."

पॅकिंगात! केसाएवढा फरक बोटानं ओळखणारा टर्नर, आणि त्यानं खोक्यांना खिळे ठोकायचे! नीलकंठरावांच्या अंगाचा तिळपापड झाला. त्याच तिरमिरीत ते सायकल दामटत नेपियर टाउनात डॉक्टर रत्नाकरांकडे गेले.

डॉक्टरांनी पोट दाबलं, जीभ पाहिली आणि विचारलं, "इतक्यात काही औषध घेतलं होतं?"

"घशासाठी कॅप्सूल घेतल्या होत्या. पाच दिवस सांगितल्या होत्या, मी दहा दिवस घेतल्या. आपलं कामच पक्कं."

"म्हणूनच. घशातल्या जंतूंबरोबर पोटातले चांगले जंतूही मारले तुम्ही."

"माझ्या पोटात जंतू?" नीलकंठराव खुर्चीवरून उठलेच. "डॉक्टरसाहेब, मी दोन वेळा आंघोळ करतो. हॉटेलात चहासुद्धा पीत नाही. माझ्या पोटात जंतू काहून राहतील?"

"सगळ्यांच्याच पोटात असतात. अन्न पचवायला तेच मदत करतात. बसा खाली." डॉक्टरांना दिवसभर लढाईच्याच बातम्या ऐकून तीच भाषा तोंडात बसली होती. "असं समजा, ते आपले जवान आहेत. रोज वाटीभर ताजं दही खा, म्हणजे नवी भरती. पण नुसती भरती करून भागत नाही, रसदही लागते. कांदा, लसूण, केळं, ज्वारीची भाकर. तुम्हाला जे पचत नाही, तेच त्यांचं जेवण. आणि धीर धरा. आठ-दहा दिवस लागतील."

घमापूरच्या घरी येऊन नीलकंठरावांनी बायकोला म्हणजे सत्यभामाबाईंना सगळं सांगितलं. त्या ऐकून एवढंच म्हणाल्या, "मी दहा वर्षांपासून हेच सांगून राहिली, दही खा. तेव्हा म्हणत होते, दह्यानं सर्दी होते."

सत्यभामाबाईंचं दही गल्लीत नावाजलेलं होतं, आणि दह्याहून विरजण. लग्नानंतर वर्ध्याहून येताना त्यांच्या आईनं पितळेच्या डब्यात विरजण दिलं होतं. चौदा वर्षं झाली, तेच चालू होतं. रोज रात्री दूध विरजायचं, सकाळी दोन चमचे बाजूला काढून चिनी मातीच्या वाटीत, फळीवर, झाकून ठेवायचे. त्या वाटीला घरात कोणी हात लावत नसे. देव्हाऱ्यातल्या बाळकृष्णाला लावलेला एक वेळ चालला असता.

सोमवार, मंगळवार, बुधवार. दही, कांदा, भाकर. अकरावरून गाडी सहावर आली. दुसरा कोणी असता तर त्यानं समाधान मानलं असतं. पण शनिवार जवळ येत होता, आणि नीलकंठराव कोणतंही काम सांगितल्याच्या दुप्पट करणारे. गुरुवारी संध्याकाळी ते ड्यूटीवरून आले तेव्हा सत्यभामाबाई जवानांचे स्वेटर विणायला महिला मंडळात गेल्या होत्या. दही सकाळीच संपलं होतं. आणि फळीवरची वाटी समोर दिसली.

नीलकंठरावांनी विचार केला. वाटीभर दही म्हणजे साधे जवान. पण साऱ्या दुधाचं दही करतं ते विरजण म्हणजे कोण? म्हणजे सुभेदार! कर्नल! आपण मूर्खासारखे तीन दिवस शिपाई गिळतोय आणि खरे अफसर फळीवर आराम करून राहिले! त्यांनी दोन्ही चमचे खाल्ले. वाटी बोटानं पुसूनही खाल्ली.

सत्यभामाबाई आल्या, दूध कोमट केलं, वाटी काढली. मग ती रिकामी वाटी त्यांनी नवऱ्यासमोर आणून धरली.  नीलकंठराव चटकन उठून उभे राहिले.

"ते... डॉक्टरांनीच सांगितलं होतं."

"विरजण खा म्हणून?"

"भरती करा म्हणून."

"चौदा वर्षांचं माझ्या माहेरचं विरजण," सत्यभामाबाई अगदी हळू आवाजात म्हणाल्या, आणि तो हळू आवाजच नीलकंठरावांना फार वाईट वाटला. "दूध थंड होऊन राहिलं. आत्ता कुठूनही विरजण आणा. नाही आणलं, तर उद्या दही नाही. भाकरही नाही. तुमच्या पोटाचं तुम्ही पाहा अन् सोमवारी खिळे ठोका."

नीलकंठरावांच्या उत्साहावर विरजण पडायचं, तर तेवढंही घरात उरलं नव्हतं. उद्या दही नाही म्हणजे पुन्हा अकरा, आणि अकरा म्हणजे पॅकिंग! रिकामी वाटी रुमालात गुंडाळून ते बाहेर पडले. नुकताच सायरन होऊन गेला होता. ब्लॅकआउट. गल्लीत स्वतःचा हात दिसत नव्हता.

शेजारच्या विभावरीबाईंनी दार बोटभर उघडलं.

"विरजण? आत्ता? अहो, दिवेलागण झाली. दिवेलागणीनंतर विरजण देत नाहीत, घरची बरकत जाते. मीठही देत नाहीत."

"पण वहिनी, दिवे कुठं लागले?" नीलकंठरावांचा आवाज चढला. "सरकारनं दिवे लावायला बंदी केली आहे. साऱ्या शहरात एक दिवा नाही. मग दिवेलागण झाली कशी?"

"देवापाशी लावला मी. खिडकीला काळा कागद लावून."

"तो दिसत नाही ना बाहेरून?"

"देवाला दिसते," असं म्हणून विभावरीबाईंनी दार लावलं.

पलीकडे दुबेजींच्या घरी तेच. दुबाइनजी आतूनच म्हणाल्या, "साँझ के बाद जामन नहीं देते भैया, सुबह आना." विरजणाला हिंदीत जामन म्हणतात हे नीलकंठरावांना बावीस वर्षांत आज पहिल्यांदा कळलं, आणि रागाच्या भरात ते लगेच विसरलेही. माणसं चंद्रावर जाऊन आली आणि घमापुरात दोन चमचे विरजण मिळत नाही! ते मनातल्या मनात चरफडत हलवायाच्या दुकानाकडे निघाले.

दुकानं सगळी बंद. कोणतं हलवायाचं आणि कोणतं लोहाराचं, अंधारात कळेना. पाटी वाचायला म्हणून नीलकंठरावांनी काडी पेटवली.

"पकड़ो!"

मोहल्ल्याच्या रक्षादलाचे दोघे जण दोन्हीकडून आले आणि त्यांनी नीलकंठरावांच्या बखोटीला धरलं. लढाई सुरू झाल्यापासून हे रक्षादल रोज संध्याकाळी गल्लीगल्लीत हेर शोधत फिरे, आणि आजवर त्यांना एकही सापडला नव्हता.

"ब्लैकआउट में माचिस? ऊपर किसको इशारा कर रहे थे?"

"इशारा काय इशारा! मैं पाटी वाच रहा था!"

"और ये रुमाल में क्या छुपाया है?"

"वाटी है। खाली है।"

"पहले क्या था इसमें?"

नीलकंठराव खोटं बोलणारे नव्हते. शिवाय विरजणाचं हिंदी नाव डोक्यातून गेलेलं. डॉक्टरांनी सांगितलेलं तेवढं आठवलं. "जंतु थे," ते म्हणाले. "जिंदा जंतु। लेकिन अच्छेवाले।"

दोघंही एक पाऊल मागं सरले. "कहाँ गए?"

"मैं खा गया।"

त्यापुढे काही विचारायचं उरलं नाही. वाटीला हात न लावता, दंडाला धरून, त्यांनी नीलकंठरावांना नाक्यावरच्या चौकीत नेलं. चौकी म्हणजे एक तंबू, काळा कागद लावलेला कंदील, एक टेबल, एक शेगडी आणि जमादार मिसिरजी. मिसिरजी ब्लँकेट गुंडाळून बसले होते. दोघांनी उत्साहानं हकिकत सांगितली. काडी, इशारा, जिंदा जंतू, पुरावा गिळून टाकला.

बावीस वर्षं तोफा घडवणाऱ्या माणसाला हेर म्हणतात!  कायदा नीलकंठरावांना चांगला ठाऊक होता. पकडलेल्या माणसाला जामिनावर सोडावंच लागतं. फक्त जामिनाला हिंदीत जमानत म्हणतात, हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी टेबलावर मूठ आपटली.

"जमादारसाहब, बाकी बात बाद में। मेरे को जामीन चाहिए। अभी के अभी!"

मिसिरजींनी मान वर केली. "जामन?"

"हाँ, जामीन! मेरा हक है!"

"हक का तो पता नहीं," मिसिरजी गोंधळून म्हणाले, "पर मिल जाएगा। गाय का चलेगा?"

"गाईचा काहून? आदमी का लगता है!"

 मिसिरजींनी ब्लँकेट जरा घट्ट ओढून घेतलं.

"आदमी का नहीं होता भैया। गाय का है, भैंस का है।"

"कैसे नहीं होता? भला मातबर आदमी हो, बस एक सही कर दे, हो गया! मेरे फोरमन का ले लो! रामराव का!"

"कितना चाहिए आपको?" मिसिरजींनी माघार घेत विचारलं.

"जितना कायदे में बैठता है उतना!"

"दो चम्मच में बैठ जाएगा," मिसिरजी म्हणाले. त्यांनी शेगडीच्या उबेजवळून मातीचं एक कुल्हड उचललं, झाकण काढलं आणि रुमालातल्या वाटीत दोन चमचे घट्ट दही घातलं. "लो। सबेरे का बचा है, खट्टा नहीं हुआ। हमारा भी पेट गड़बड़ रहता है, डॉक्टर ने यही बताया है। और सुनो, जामन लेने निकले थे तो सीधे बोलते। ये जंतु-वंतु क्या लगा रखा था? जाओ, घर जाओ।"

नीलकंठराव वाटीकडे पाहत राहिले. जामन! दुबाइनजींचा शब्द आत्ता डोक्यात लख्ख उजेड पाडून गेला. त्यांना आणखी भांडायचं होतं, हेर म्हटल्याबद्दल माफी मागून घ्यायची होती. पण घरी दूध थंड होत होतं. जाता जाता न राहवून त्यांनी विचारलं, "साँझ के बाद आप जामन देते हैं?"

"चौकी में साँझ नहीं होती," मिसिरजी म्हणाले. "यहाँ चौबीस घंटे ड्यूटी है।"

सत्यभामाबाईंनी काही न विचारता विरजण दुधात घातलं, पातेलं ब्लँकेटात गुंडाळून चुलीच्या उबेला ठेवलं. शुक्रवारी सकाळी दही असं लागलं होतं की चमचा उभा राहिला. शुक्रवारी चार वेळा. शनिवारी फक्त दोन, आणि दोन वेळा तर फोरमन स्वतःही जातात. रामराव लेथजवळ येऊन पार्ट हातात घेऊन पाहून गेले. पॅकिंगाचं नाव काढलं नाही.

रविवारी जेवताना दह्याची वाटी पुढे आली आणि नीलकंठरावांना राहवेना. 

"पोट सुधारलं, पण मनात एक राहून गेलं बघ. तुझ्या आईचं चौदा वर्षांचं विरजण मी मूर्खासारखं खाल्लं. हे काय, चौकीतलं. त्याची सर ह्याला कुठली?"

सत्यभामाबाई भाकरीवर कांदा ठेवत म्हणाल्या, "आईचं विरजण पहिल्याच उन्हाळ्यात नासलं. मी माहेरी गेली होती, तुम्हाला सांभाळायला सांगितलं होतं."

नीलकंठरावांचा घास हातातच राहिला. "मग मी परवा खाल्लं ते?"

"हलवायाचं. दर उन्हाळ्यात तिथूनच आणते. आत्तापर्यंत चौदा वेळा झालं असेल."

"मग मला काहून धाडलं अंधारात? मला लोकांनी हेर ठरवलं! बखोटीला धरून नेलं मला! आणि वर माहेरचं, माहेरचं..."

"न विचारता वाटी पुसून खाल्ली म्हणून धाडलं," सत्यभामाबाई शांतपणे म्हणाल्या. "आता हे नवीन. पण चौकीतलं म्हणू नका कोणाला, लोकांना वाटेल तुम्हाला खरंच पकडून नेलं होतं. वर्ध्याचंच म्हणा."

नीलकंठरावांनी बरंच काही बोलण्यासाठी तोंड उघडलं. सत्यभामाबाईंनी वाटीत आणखी एक चमचा दही वाढलं. ते त्यांनी खाल्लं, आणि मग सोमवारी फॅक्टरीत डबा उघडल्यावर स्वतःच साऱ्यांना सांगितलं, वर्ध्याचं आहे, सासूबाईंचं, चौदा वर्षांचं.