पोट आत घेतलेली अक्षरं

देशाला शिस्त लावायची असेल, तर आधी अक्षरांना लावली पाहिजे, असं आमचे मेजर मानतात. मेजर फौजेतून निवृत्त झाले ते हवालदार म्हणून. पण आमच्या तासगावात घरी परतलेला प्रत्येक फौजी मेजरच असतो. त्यांचं फ्लेक्सचं दुकान माझ्या झेरॉक्सच्या दुकानाला लागून आहे.

कॉम्प्युटरपुढे महिनोन्‌महिने खपून त्यांनी स्वतःचा फॉन्ट बनवला. नाव ‘सावधान’. अक्षरं ठळक, उंच, अरुंद. गोलाई औषधालाही नाही. ‘ठ’सुद्धा चौकोनी. “पोट आत! छाती बाहेर!” माउस हलवत ते स्क्रीनवर ओरडतात, आणि काउंटरवरची गिऱ्हाइकं पोट आत घेतात. स्वतः मेजर भर मे महिन्यातही शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद ठेवतात. बाही वर करणं म्हणजे ढिलाई.

वाढदिवस असो की दशक्रिया, फ्लेक्स ‘सावधान’मध्येच. एका बेदाणा व्यापाऱ्यानं तक्रार केली, “मेजर, अक्षरं उपाशी दिसत्यात गड्या.”

“तुमी दिसत न्हाई न्हवं? मग झालं!”

एका लग्नात ‘शुभमंगल सावधान’ कमानीवर असं उभं राहिलं, की चार वऱ्हाडी विजेच्या डीपीचा बोर्ड समजून लांबनं वळसा घालून मांडवात शिरले.

यंदा मेजरांच्या पत्नी मंजुळाकाकूंनी शेवयांचं दुकान काढलं. बोर्ड अर्थात घरचा. काकूंनी स्क्रीनवर स्वतःचं नाव पाहिलं.

“ह्ये माझं नाव हाय का तुरुंगाचं दार? शेवया घ्यायला कोण यील? आवं, जरा नरम करा. न्हाईतर मी समोरच्या पेंटरकडनं करून घेते.”

“येकाला सूट दिली की समदी पलटण ढिली पडती,” मेजर नंतर मला म्हणाले. पण बायकोचं नाव दुसऱ्यानं रंगवायचं, हे काही त्यांच्या घशाखाली उतरेना. त्या दिवशी चहासुद्धा तसाच राहिला.

दुपारी मी कात्री मागायला गेलो, तर मेजर बाही कोपरापर्यंत वर करून बसलेले. हातावर हिरवं पडलेलं गोंदण: मंजुळा. त्यातल्या ‘ळ’कडे बघत बघत ते स्क्रीनवर ‘ळ’ काढत होते. मला पाहताच बाही खाली आली.

“डास चावला,” ते म्हणाले.

बोर्ड लागला. सगळी अक्षरं ताठ, टोकदार. एकटा ‘ळ’ गोल, गुबगुबीत.

काकू कमरेवर हात ठेवून बघत राहिल्या. “ह्यो ळ लय जाड हाय.”

“त्याला विश्राम दिलाय.”

काकूंनी बोर्डावरची नजर काढून मेजरांच्या बंद बाहीवर ठेवली. बराच वेळ ठेवली.

“पहिल्या पोस्टिंगला निघताना जत्रेत गोंदून घेतला, तवा चांगला बारीक हुता. हात जाड झालाय तुमचा.”

मेजरांनी सवयीनं पोट आत घेतलं. हाताचं काही करता येण्यासारखं नव्हतं.