बाईंसाठी घातलेली अढी

मँगोस्टीन. फळाच्या बुडाशी जितक्या पाकळ्या, आत तितक्याच फोडी. खात्री करण्यासाठी फोडू नये.

पेंढा, एक पोतं.

"खड्डा कुणासाठी?"

ड्युरियन. वास येतो आहे तो फळाचा. शेजारच्या माणसाकडे बघू नये.

घरचा चाकू, दोन्ही बाजूंनी धार लावलेला.

काजू. बी फळाच्या बाहेर लटकते. निसर्गाचंही कधीकधी पॅकिंग चुकतं. (हे वाक्य लाल शाईने खोडलेलं.)

"झालं गेलं विसरू या."

हे सगळे तुकडे एकाच आठवड्यातले. आता ओळीने सांगतो, कारण एकदा सुचेल तसं सांगून बघितलं तर ऐकणारा उठून गेला.

तर मंडळी, फळ पिकवावं तर मीच! हाताला उपजतच ऊब आहे माझ्या. माझ्या हाताखाली दगडसुद्धा चार दिवसांत मऊ पडेल! नोकरी म्हणाल तर वनस्पती-उद्यानात. जगभरातली उष्ण प्रदेशातली फळझाडं एका मोठ्या काचघरात लावली आहेत आणि त्यांच्या पाट्या लिहिणं हे माझं काम. मी लिहितो, संचालकबाई लाल शाईने खोडतात, मी पुन्हा लिहितो. अकरा वर्षं हा संसार सुखाने चालला आहे. माझा खरा संसारही तिथेच, कारण उद्यानाची मुख्य माळी म्हणजे माझी बायको. तीही खोडते, पण बिनशाईने.

बाई आल्या त्या वर्षी त्यांनी एका कुंडीत मामे सपोटेचं बी पेरलं होतं. हे आपल्या चिकूच्या भाऊबंदांतलं झाड, पार दुसऱ्या गोलार्धातलं. त्याचं रोप झालं, रोपाचं झाड झालं, झाड काचेच्या छताला टेकलं, पण फळ म्हणाल तर शून्य! बाई रोज त्याच्याखाली उभ्या राहून वर बघायच्या, बंद पडलेल्या मार्गावर बसची वाट बघावी तशा. यंदा मान दुखायला लागली आणि त्यांचं वर बघणं थांबलं. नेमकं यंदाच झाडाला फळ धरलं! एकच! मोठ्या बटाट्याला पॉलिशपेपर गुंडाळावा तसं रूप. पण बाईंचं अकरा वर्षांचं स्वप्न!

आणि येत्या शुक्रवारी बाई निवृत्त होणार होत्या.

"निरोपसमारंभात त्यांच्या हातात ठेवू," मी बायकोला म्हणालो. "तोवर कुणाला बोलायचं नाही."

"पण तयार झालंय का ते?"

"ते माझ्यावर सोड!"

"तुमच्यावर सोडलेलं शेवटी माझ्याच अंगावर येतं," ती म्हणाली. मी लक्ष दिलं नाही. थोर कामाच्या आधी अशी वाक्यं ऐकू येतातच.

सोमवारी शिडी लावून मी फळ काढलं, कोठीतल्या चार नंबरच्या कपाटात पेंढा पसरला, फळ त्यात गाडलं आणि दारावर पाटी लावली. पाटी लावल्याशिवाय मला घास गिळवत नाही.

"आत बाईंसाठी अढी आहे. पूर्ण पिकेपर्यंत कुणी मध्ये पडू नये."

आता फळं पेंढ्यात पिकायला घालतात त्याला अढीच म्हणतात ना? मग चुकलं काय माझं? पण कोठी सांभाळतात ते कुलूपकाका. सगळ्या किल्ल्या त्यांच्या कमरेला आणि सगळ्या बातम्या त्यांच्या तोंडात. त्यांचा जन्म गेला कुलपांत, फळ त्यांना फक्त ताटात माहीत. त्यांनी पाटी वाचली आणि धावत बाईंची खोली गाठली.

"बाई, पाटीवाल्यांच्या मनात तुमच्याविषयी अढी आहे! नुसती मनात नाही, कपाटावर लिहून लावलीय!"

बुधवारी मला बोलावणं आलं.

"बसा," बाई म्हणाल्या. "तुमच्या त्या... अढीबद्दल कळलं मला."

झालं! गुपित फुटलं!

"कुणी सांगितलं?"

"ते असू द्या. खरं आहे?"

"आता लपवून काय करू? आहे. तुमच्यासाठीच आहे."

"कधीपासून?"

"तशी सोमवारपासून. पण मूळ म्हणाल तर अकरा वर्षांचं."

बाईंनी चष्मा काढला. "म्हणजे मी आले तेव्हापासून?"

"बी तुम्हीच तर पेरलंत!"

"मी?"

"आम्ही नुसतं खतपाणी घातलं. मी आणि बायकोने."

"त्यासुद्धा?"

"तिचाच वाटा मोठा, बाई! मी एखादा दिवस विसरेन, ती नाही."

बाईंनी चष्मा पुसून परत घातला. मग हळूच म्हणाल्या, "मी लाल शाई मारते म्हणून का हो?"

मला काही कळलं नाही, पण लाल म्हटल्यावर फळाचा गर डोळ्यांपुढे आला. "लाल तर हवंच! आतून लालभडक निघालं नाही तर मजा काय?"

"निघालं म्हणजे?"

"शुक्रवारी! रोज सकाळी दाबून बघतोय मी. मऊ लागलं की समारंभात सगळ्यांसमोर कापायचं. चाकू घरून आणून कपाटातच ठेवलाय. तुम्ही फक्त समोर बसा, पहिला मान तुमचा!"

बाईंनी पेला उचलून तोंडाला लावला. तो रिकामा होता, तरी त्या बराच वेळ प्यायल्या.

माझे डोळे भरून आले. म्हटलं, बाई किती हेलावल्यात!

गुरुवारी मला रजा घ्यावी लागली. शुक्रवारी समारंभ चारचा. मी दुपारी इस्त्रीचा शर्ट घालून कपाट उघडलं. आत पेंढा नाही, फळ नाही, चाकूसुद्धा नाही! फक्त एक चिठ्ठी. बाईंचं अक्षर, आणि अकरा वर्षांत पहिल्यांदाच निळी शाई. "झालं गेलं विसरू या."

"कुलूपकाका! मामे सपोटे कुठे गेले?"

"कोण सपोटे?"

"मामे! मामे सपोटे!"

"मामेसासरे का तुमचे? नाही बुवा आले. वहीत नाव नाही."

"अहो, या कपाटात होते ते!"

"कपाटात?" काका दोन पावलं मागे सरकले. "पाहुण्यांना कपाटात ठेवता?"

"फळ हो, फळ! तपकिरी, खरखरीत!"

"तो वाळका बटाटा होय! बाई म्हणाल्या, कपाट रिकामं करा, चाकू माझ्याकडे आणा. बाकीचं टाकलं खतखड्ड्यात."

मी धावलो! फावडं सापडेना, म्हणून दोन्ही हातांनी खड्डा उकरायला लागलो. शर्टाचा रंग ओळखू येईना. बोंब ऐकून बायको आली, समारंभाची मंडळी आली आणि सगळ्यांच्या मागून, सुरक्षित अंतर ठेवून, बाई आल्या.

"हा खड्डा कुणासाठी?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यासाठीच, बाई!" मी ओरडलो.

बाई धप्पकन उलट्या ठेवलेल्या कुंडीवर बसल्या. तेवढ्यात माझ्या हाताला फळ लागलं. मी ते वर धरलं. बायकोने कपाटावरची पाटी वाचलेली होती, त्यामुळे काय झालं असेल ते सगळ्यात आधी तिला कळलं.

"बाई, मनातली अढी नाही हो ती! पेंढ्यातली. फळ पिकवायची. तुमच्या मामे सपोटेला फळ धरलंय!"

बाई फळाकडे बघत राहिल्या. "माझ्या झाडाचं?" एवढंच म्हणाल्या. त्या दोन शब्दांनी कुलूपकाकांच्या किल्ल्यासुद्धा वाजायच्या थांबल्या.

बाईंनी पर्समधून माझा चाकू काढला. मी ऐटीत फळ कापायला घेतलं. चाकू अर्ध्यात रुतून बसला. दोघांनी ओढून फळ उघडलं, तर आत हिरवट-पिवळं लाकूड आणि पांढरा चीक!

"नख मारून बघितलं होतं का तोडण्याआधी?" बायकोचा आवाज हळू, म्हणजे धोक्याचा. "साल खरवडून आत लाल दिसलं तरच काढतात हे फळ. नाहीतर वर्षभर पेंढ्यात ठेवा, पिकत नाही."

"अकरा वर्षांच्या लेकराच्या गळ्याला नख कसं लावू?"

कुणी हसलं नाही. बाईंनी एक फोड उचलली, तोंडात टाकली, चावली, बराच वेळ चावली. "छान आहे," त्या म्हणाल्या, आणि चिकाने त्यांचे ओठ असे चिकटले की निरोपाचं भाषण मलाच करावं लागलं. मी ते खताने माखलेल्या शर्टात, पाऊण तास केलं. त्यातलं एकही वाक्य त्यांना खोडता आलं नाही.

मला नंतर कळलं ते असं: त्याच सोमवारी मी शिडी परत ठेवायला गेलो होतो तेव्हा बायकोला मागच्या, हाताला येणाऱ्या फांदीवर मला न दिसलेलं दुसरं फळ दिसलं होतं. तिने नखाने साल खरवडली, आत हिरवं निघालं, म्हणून ते न तोडता त्याला जाळीची पिशवी बांधून ती जेवायला गेली.