बटणरावांच्या तेरा किलोंची हकिकत

राज्ये बुडतात, तख्ते फुटतात, त्यांचे मजकूर लिहिणारे पुष्कळ. परंतु श्रीमंत बटणराव, वर्ण तपकिरी, उंची सव्वा वीत, जातीने कुत्रा, यांनी दोन वेळचा खाना नाकारिला आणि तेणेकरून तिसऱ्या मजल्यावरील घरावर जो प्रसंग गुजरला, त्याची कोणी दाद घेतली नाही. सबब साद्यंत वृत्त लिहिले जाते, ते येणेप्रमाणे.

सोमवारी सकाळी वाटी भरली ती तैसीच राहिली आणि दुपारी भरली तीही तैसीच राहिली, मग खाशांची स्वारी सोफ्याखाली दाखल होऊन भिंतीकडे तोंड करून बसली आणि घरात एकच कल्लोळ जाहला. ताईसाहेबांनी कचेरीत रजा कळविली. तीर्थरूप, जे चाळीस वर्षे शाळेत गणित शिकवून निवृत्त जाहले आणि ज्यांनी कुत्रा आत आला तर मी बाहेर ऐसी शपथ वाहिली होती, ते सोफ्याखाली मान घालून “एक घास खा रे राजा,” ऐसी अर्जी करू लागले. तीर्थरूपांची स्वतःची कंबर सहा महिने धरली होती. तिजकरिता कोणी उठून मलमाची डबीही दिली नव्हती, हे केवळ नोंदीकरिता लिहिले.

मग जनावरांच्या डॉक्टरबाईंस फोन रवाना जाहला. तिकडून हुकूम आला की औषध वजनावर ठरते, तरी वजन कळवावे. घरी माणसांचा काटा होता; परंतु बटणराव त्याजवर एकटे ठरेनात आणि आईसाहेबांखेरीज कोणी उचलिले तर दात लावण्याचा त्यांचा रिवाज होता. सबब मसलत ठरली की आईसाहेबांनी प्रथम बटणरावांसह चढावे, मग एकट्याने चढावे आणि तीर्थरूपांनी वजाबाकी करावी. पहिली चढाई सर्वांसमक्ष जाहली, एकोणऐंशी भरले. दुसऱ्या चढाईस आईसाहेबांनी समस्तांस खोलीबाहेर काढून कडी लाविली आणि आतूनच बासष्ट ऐसे जाहीर केले.

तीर्थरूपांनी वर्तमानपत्राच्या कडेला वजाबाकी मांडिली, ताळा घेतला आणि सतरा किलो ऐसा जबाब आला. जो जीव ताईसाहेबांच्या पर्समध्ये मावतो तो सतरा किलो, आणि तोही उपाशीपोटी. तीर्थरूपांचा रंग उतरला. शेजारच्या काकू न बोलाविता कुमकेस आल्या होत्या. त्यांनी “पोटात पाणी झालं असणार, माझ्या मावसबहिणीचा असाच गेला,” ऐसा दिलासा दिला, तेव्हा ताईसाहेबांनी हंबरडा फोडिला. काट्यास जीभ असती तर तो बोलता. आईसाहेबांस होती, परंतु त्या बटणरावांचा पट्टा शोधण्यात गर्क जाहल्या.

मग कूच जाहले. तीर्थरूप खुद्द गाडी हाकीत होते आणि प्रत्येक खड्ड्यास “सतरा किलो आहेत, सांभाळून,” म्हणून आपणांसच दटावीत होते. दवाखान्यात आईसाहेबांनी बटणरावांस टोपलीत बसविले आणि मदतनीसाने टोपली काट्यावर ठेविली. टोपली वजा जाता चार किलो भरले.

येथे खरे युद्ध पेटले. डॉक्टरबाई म्हणाल्या चार. तीर्थरूप म्हणाले सतरा, आणि तेरा किलो काही वाटेत सांडत नाहीत, तरी आपला काटा तपासावा. मदतनीसाने पाच किलोची खाद्याची पिशवी ठेवून पाच दाखविले. तीर्थरूपांनी वर्तमानपत्राचा कपटा पुढे करून आपली वजाबाकी आजवर चुकली नाही ऐसा दाखला दिला. ताईसाहेबांनी फोनवर ‘एका तासात तेरा किलो कमी’ शोधिले, तेथे त्यांस पोट उतरविणाऱ्या एका पट्ट्याची जाहिरात मिळाली. मग तीर्थरूपांनी हट्टच धरिला की पोटात काय आहे ते पाहावे. डॉक्टरबाई थकून बोलिल्या की पाहणे तर भूल द्यावी लागेल, एवढ्याशा जिवास जोखीम आहे, सही करा. तीर्थरूपांनी कागद ओढिला, पेन हाती घेतले आणि आपल्या नावाचे पहिले अक्षर काढिले. बटणराव आईसाहेबांच्या काखेत तोंड खुपसून थरथरत होते.

तेव्हा आईसाहेबांनी, ज्यांनी तो आकडा नवऱ्यास, नणंदेस आणि विम्याच्या माणसासही कळू दिला नव्हता, पेनावर हात ठेविला.

“थांबा हो. बासष्ट नाही. पंचाहत्तर.”

तीर्थरूपांनी नवी वजाबाकी मांडिली, चार आले.

“मग बासष्ट कुठून आणलंस?”

“ते ताई व्हायच्या आधीचं आहे.”

“म्हणजे तेरा किलो माझ्या नावावर का?” ऐसा ताईसाहेबांनी उजर केला, तो कोणी ऐकिला नाही.

डॉक्टरबाईंनी पोट दाबून पाहता आत केवळ वायू सापडला. चार किलोंच्या हिशेबाने औषधाचे थेंब पोटात गेले, एक दीर्घ ढेकर बाहेर आली आणि सायंकाळी वाटी चाटूनपुसून लख्ख जाहली.

ऐसी फत्ते जाहली. बटणराव सुखरूप, तीर्थरूपांची वजाबाकी निर्दोष. सदरहू मजकूर आईसाहेबांनी नजरेखालून घातिला आणि त्यांच्या हुकमावरून कळविण्यात येते की, वरती जेथे पंचाहत्तर लिहिले आहे तेथे वाचणारांनी बासष्टच वाचावे.