नोंद नसेल तर परत

क्वेकू अनोबिलनं स्पॅमचा नायनाट करायचा विडा उचलला, तेव्हा त्याची आई विनेबा गावच्या दवाखान्यात अंथरुणाला खिळून होती. या दोन गोष्टी एकमेकींच्या आड येतील असं कुणाला वाटणार? थोरली बहीण अराबा आईपाशी होती. तिचा फोन मासळीच्या टोपात पडून कामातून गेला होता, म्हणून ती दवाखान्यातल्या संगणकावरून मेल करायची. आईचं जास्त झालं तर लगेच कळवायचं, असं ठरलं होतं.

टेमा बंदरावरच्या ज्या कंपनीचे संगणक क्वेकू सांभाळायचा, तिथं मेल उघडला की टकलावरची औषधं नाहीतर कुणा मेलेल्या सेनापतीची श्रीमंत विधवा. क्वेकूनं मुळावरच घाव घातला. ज्या सर्व्हरची रीतसर नोंद नाही, त्याचे मेल दारातूनच परत. आठवडाभरात कचरा थांबला. मालकीणबाई झिफा भलत्याच खूश झाल्या.

"हे गेटवर का नको, क्वेकू?" त्या म्हणाल्या. "फेरीवाले, वर्गणीवाले तिथंही येतातच की."

क्वेकूच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्यानं पहारेकरी इसिफूला नियम घालून दिला: नाव नोंदलेलं नाही आणि काम सांगत नाही, त्याला वाटेला लावायचं. त्याच भरात स्वतःच्या फोनवरचे अनोळखी नंबरही बंद केले.

दवाखान्याच्या जुनाट सर्व्हरची नोंद कुणी केलेलीच नव्हती. अराबाचे मेल एकामागून एक परत गेले. तिनं नर्सच्या फोनवरून प्रयत्न केला, तोही लागेना. कचरावाले मात्र पुन्हा येऊ लागले, आणि या वेळी नोंदणी वगैरे सगळं करून. तो त्यांचा धंदाच, त्यांना सवड होती. क्वेकू निश्चिंत होता. खबर नाही म्हणजे आई बरी आहे.

शेवटी अराबानं मावसभाऊ एबोला गाडीत बसवून दिलं. एबो वळणाचा मुलगा. आमच्यात पाहुण्याला आधी बसवून पाणी देतात, मग येण्याचं कारण विचारतात. वाईट बातमी तर कुणी उभ्याउभ्या दारात सांगतच नाही.

"काय काम?" इसिफूनं विचारलं.

"बसल्यावर सांगतो."

"इथंच सांग."

"घरची गोष्ट आहे, काका. आधी घोटभर पाणी तरी द्या."

"वर्गणीवालेपण असंच सुरू करतात," म्हणत इसिफूनं फाटक लावलं.

एबो भिंतीच्या सावलीत बसून राहिला, आणि क्वेकू कंपनीच्या गाडीतून मागच्या फाटकानं घरी गेला. दुसऱ्या सकाळी एबोनं त्याला रस्त्यातच गाठलं. कट्ट्यावर बसवलं, पाण्याची पिशवी विकत घेऊन त्याच्या हातात दिली, आणि मग सांगितलं.

ते विनेबाला पोचले तेव्हा आई जाऊन दोन तास झाले होते. क्वेकू अंगणातच अराबापाशी बसला.

"माझी वाट बघत गेली?" त्यानं विचारलं.

"नाही," अराबा म्हणाली. "काल मीच तुझ्या नावानं मेल लिहिला. निघालोय, पोचतोच, असा. तिला वाचून दाखवला."

"तिला खरा वाटला?"

"तिनं काही विचारलंच नाही रे. म्हणाली, दमून येईल, आधी जेवायला वाढ."

आणि अराबानं मक्याच्या केंकेचं आणि तळलेल्या मासळीचं ताट त्याच्यापुढे ठेवलं.