शेडबाहेर न निघालेलं फाटक

सकाळचे दहा वाजून सतरा मिनिटं झाली होती, बाळांनो. एका जंगलात, एका जुन्या बाजारगावात, रेड्याने नवंकोरं लोखंडी फाटक पाठीवर घेतलं आणि तो शेडच्या दरवाज्यात अडकला.

"बाई," रेडा म्हणाला, "हे काही निघत नाही."

बाई म्हणजे साळींदरबाई. लोखंडकामाच्या शेडच्या मुख्य. घाबरल्या की त्यांचे काटे उभे राहत, आणि घाबरत तर त्या रोजच. त्यामुळे जवळ जाऊन उलट बोलायची कुणाची छाती नव्हती. गाव याला शिस्त म्हणे.

बाजाराचं आधीचं फाटक म्हशीने पाठ खाजवता खाजवता पाडलं होतं. आज चारच्या आत नवं उभं राहिलं नाही, तर बाईंची जागा रानडुकराला मिळणार होती.

बाईंनी फाटक सात वेळा मोजलं होतं. नऊ हात रुंद, नऊ हात उंच. केसाचा फरक नाही. शेडचा दरवाजा मात्र कुणी मोजलाच नव्हता. तो होता सहा हात रुंद, सहा हात उंच.

आडवं करून पाहिलं. तिरकं करून पाहिलं. रेड्याने पोट आत ओढून पाहिलं.

"अरे, तुझं पोट आत घेऊन काय होतंय? फाटकाला सांग!" काजवा ओरडला. काजवा म्हणजे शेडचा वेल्डर. जोडकाम तो शेपटीने करी. "बाई, मधून कापू या. दोन तुकडे बाहेर नेतो नि जोडतो. तासाभराचं काम."

बाईंचे काटे जरा बसले. तेवढ्यात पुरातन समितीचे अध्यक्ष कासवअण्णा पोचले. नाक्यावरून पहाटेच निघाले होते. आल्या आल्या त्यांनी फाटकावर शिक्का मारला.

"आता कापायचं नाही," अण्णा म्हणाले. "शिक्का बसला की वस्तू पुरातन."

"अहो अण्णा," बाई म्हणाल्या, "ते काल संध्याकाळी झालंय! रंग ओला आहे. तुमच्या पायाला लागलाय बघा."

"मग माझा पायही पुरातन."

"बरं, मग दरवाज्याची भिंत पाडू?"

"तिच्यावर तर दोन शिक्के आहेत."

काजवा हसून हसून विझला.

चार वाजले. टोपल्या घेऊन सगळं जंगल शेडपाशी आलं. रानडुक्कर सगळ्यांत पुढे, नवी टोपी घालून.

"फाटक कुठंय?" त्याने विचारलं.

बाईंना वाटलं, झालं! आता पिल्लांना काय तोंड दाखवू? काटे ताठ झाले. घाबरून तोंडातून भलतंच निघून गेलं.

"फाटक त्याच्या जागेवरच आहे. बाजार कुठे मांडून बसलात तुम्ही?"

अण्णांनी वही काढली. पान उलटायला त्यांना पाव तास लागला.

"बाजारावर शिक्का नाही," ते म्हणाले. "बाजार हलवता येतो."

मग काय विचारता! टोपल्या आत, मडकी आत, कोंबड्या आत. शेडच्या मधोमध फाटक उभं केलं आणि जो तो त्यातून जाऊ लागला.

"मी आत शिरलो!" माकड ओरडलं.

"आतच होतास की रे!" रेडा म्हणाला.

"आता जास्त आत आहे!"

डुकरालाही राहवलं नाही. तो तीनदा गेला.

बाईंची जागा राहिली. वर सत्कार झाला. शाल काट्यांत अडकून फाटली, तर अण्णांनी तिच्यावरही शिक्का मारला. आठवडाभरात शेजारच्या तीन गावांनी फाटकं मागितली. अट एकच, बाहेर निघता कामा नये.

तात्पर्य: चुकायचंच असेल तर मोठं चुकावं, आणि लोखंडात चुकावं. लहान चुकीला बोलणी बसतात. न हलणाऱ्या चुकीभोवती गाव वसतं.

पटलं तर चार घरी सांगा, बाळांनो. फक्त परीक्षेच्या पेपरात लिहू नका.