शिट्टीबाई आणि गोधडीचं दुसरं टोक

मी आणि माझ्या बायकोनं शेवटची गोधडी झटकली ती मंगळवारी सकाळी. एक टोक तिच्या हातात, एक माझ्या. "ढिलं सोडू नका हो," एवढंच सिंधू म्हणाली. दुपारी दवाखान्यात नेली. परत आली नाही.

हे झटकणं आमच्या घरात आणलं शेजारच्या शिट्टीबाईंनी. शाळेत ड्रिल शिकवून रिटायर झाल्या, पण गळ्यातली शिट्टी काही उतरली नाही. दूधवाल्याला शिट्टी, कुत्र्याला शिट्टी. द्वारका चौकात तेव्हा उड्डाणपूल नव्हता, तिथं रस्ता ओलांडताना ट्रकला शिट्टी. आणि ट्रक थांबायचा! त्यांनाही सिंधूसारखाच छातीचा कॅन्सर होऊन गेलेला, एक बाजू काढलेली. "गेलं ते गेलं," म्हणायच्या. "उरलेल्या अंगाची हजेरी कोण घेणार?"

ऑपरेशन झालेल्या बायांना त्या मारुतीच्या मंडपात जमवायच्या. पाय आपटा, उशा बडवा, हात वर. मग फुर्रर्र! "आता रडा!" बाया रडायच्या. पुन्हा फुर्रर्र! "बास. चहा." मी बाहेर बिडी ओढत बघायचो. आता डोळ्यातलं पाणीसुद्धा कवायतीनं काढायचं!

"भाऊ, दुःख डोक्यात नसतं. खांद्यात जाऊन बसतं," त्या मला एकदा म्हणाल्या.

"माझ्या खांद्यावर जन्मभर द्राक्षाच्या पेट्या बसल्या. तिथं जागा नाय."

सिंधू हसली. ऑपरेशन झाल्यापासून ती भिंतीकडं तोंड करून निजायची, हात छातीशी धरून. मला जवळ येऊ द्यायची नाही. बाईंनी हुकूम सोडला, रोज सकाळी जोडीनं गोधडी झटकायची, एकमेकांच्या तोंडाकडं बघत. पहिल्या दिवशी तिचा हात खांद्याच्या वर जाईना. पण तिनं माझ्याकडं बघितलं. पुढं हातही गेला. मला वाटलं, सुटलो.

कसलं सुटतो. कॅन्सर परत आला, हाडात शिरला. डॉक्टरनं मान हलवली. देवानं तर तेवढंही केलं नाही.

दहाव्याला सगळी गल्ली आली, शिट्टीबाई नाही. तेराव्यालाही नाही. माझं डोकं फिरलं. म्हटलं, तोंडावर विचारून यायचं, बाई, हाडातलं झटकून निघालं का?

सकाळीच गेलो. दार उघडंच. बाई पाठमोऱ्या. गोधडीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलेलं, दुसरं हातात धरून एकट्याच झटकत होत्या. गज काय हलतोय! गोधडी नुसती लोंबत होती.

मला बघून ओशाळल्या. "गज बरा," म्हणाल्या. "ढिलं सोडत नाही."

"दहाव्याला का नाय आला?"

बाई शिट्टी चाचपत राहिल्या. "तिथं मला रडू आलं असतं, भाऊ. मग 'बास' म्हणून शिट्टी कोणी वाजवली असती?"

आणलेल्या शिव्या घेऊन तसाच घरी आलो. राग गेला म्हणून सांगणार नाही. सिंधू गेली त्याचा राग कुठं जातो? पण रात्रभर तो गज काही डोळ्यापुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा गेलो. गजाची गाठ सोडली, ते टोक हातात घेतलं आणि बाईंच्या समोर उभा राहिलो.

"धरा," म्हटलं. "ढिलं सोडू नका. आणि ती शिट्टी इकडं द्या."